छतावर गटर कसं गेलं?

डोंबिवलीतल्या एका निवृत्त गृहस्थांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक साधी गोष्ट हवी होती. रत्नागिरीजवळच्या वडिलोपार्जित घराची पन्हळ गंजून खाली आली होती आणि मृग लागायच्या आत ती बसवून देणारा माणूस पाहिजे होता. हे त्यांनी गावातल्या चुलतभावाला विचारलं असतं तर दोन मिनिटांत भागलं असतं. पण बांधावरच्या एका फणसापायी त्या भावाशी बोलणं बंद आहे. म्हणून त्यांनी कारागिरांची यादी बाळगणाऱ्या एका कंपनीला फोन केला.

यादीत पन्हळ नव्हती. पागोळी नव्हती, वळचण नव्हती, पत्र्याला डाख देणारा तर नव्हताच. त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा, इंग्रजीत सांगा ना. गटर." बाबांनी गटर सांगितलं आणि इथून पुढचा पावसाळा सुरू झाला.

चूक शब्दाची नव्हे, शब्दाच्या प्रवासाची आहे. लॅटिनमध्ये 'गुट्टा' म्हणजे थेंब. तो फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि छपराच्या कडेने थेंब झेलणाऱ्या नळीचं नाव झाला. अमेरिकेत आजही गटरवाला म्हटलं की शिडी घेऊन वर चढणारा माणूस येतो. आपल्याकडे हाच शब्द छपरावरून घसरला तो थेट मॅनहोलमध्ये पडला. दिव्यांच्या अवसेची जिथे गटारी झाली, तिथे पन्हळीची काय पत्रास?

फोन ठेवून मिनिट झालं नसेल, पहिला कॉल आला.

"सर, गटर चोकअप आहे ना? किती फूट?"

"चोकअप नाही. पडलंय. छतावरून."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग अत्यंत काळजीच्या सुरात, "सर, पण गटर छतावर कसं गेलं?"

दुसरा फोन सेप्टिक टँकवाल्याचा. तिसरा जेटिंग मशीनवाल्याचा. चौथा वॉटरप्रूफिंगवाला, त्याने दहा वर्षांची गॅरंटी दिली आणि मगच घर कशाचं आहे ते विचारलं. कौलारू म्हटल्यावर "स्लॅब टाकून घ्या, मग बोलू," म्हणाला. पाचव्याकडे कारखान्यांच्या शेडचं काम होतं आणि 2 हजार चौरस फुटांखाली तो शिडीला हात लावत नव्हता. सहाव्याला गटरशी देणंघेणं नव्हतं. तो दुरुस्तीसाठी कर्ज द्यायला तयार होता. सातव्याने सर्वांत स्वस्त दर सांगितला, "दोन माणसं उतरवतो सर, मशीनची गरज नाही."

इथे थोडं थांबायला हवं. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो गुन्हा इथे सवलतीच्या दरात, फोनवर, न विचारता देऊ केला जात होता. उतरवणाऱ्याचं नाव यादीत होतं, शेजारी चार तारे होते. उतरणाऱ्या दोघांची नावं कुठल्याच यादीत नसणार.

गृहस्थ मुळात टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. 197 वर फोन करून नंबर विचारायचा, समोरची बाई "एक मिनिट हं" म्हणायची आणि खरोखर एका मिनिटात नंबर सांगायची, त्या काळातले. जाडजूड डिरेक्टरी घरी यायची, तिच्यावर लहान मुलांना बसवून जेवू घालता यायचं. जगातली पहिली टेलिफोन डिरेक्टरी 1878 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या न्यू हेवन गावी निघाली. तिला वजन कसलं, तो एक पुठ्ठा होता. त्यावर 50 ग्राहक होते आणि गंमत म्हणजे नंबर एकाचाही नव्हता. ऑपरेटरला नाव सांगायचं, तो जोडून द्यायचा. नावं होती, नंबर नव्हते. आता नेमकं उलट झालं आहे. गृहस्थांनी एक नंबर मागितला, तो मिळालाच नाही, त्यांचाच नंबर सतरा जणांना मिळाला. तिकडे त्यांना नावही नाही. ते 'गटर लीड, डोंबिवली ईस्ट' आहेत.

अमेरिकेत पिवळ्या पानांच्या काळी यादी वर्णक्रमाने लागायची, म्हणून तिथले प्लंबर आपल्या दुकानाच्या नावामागे 'एएए' जोडून पहिल्या पानावर चढत. लबाडीच, पण तिला वर्णमालेचं तरी बंधन होतं. आता वर कोण दिसणार हे पैसे ठरवतात. ज्याला पत्रा कापता येतो तो आणि ज्याला जाहिरातीचे पैसे भरता येतात तो, हे दोघे एकाच अंगात सापडणं कठीण.

त्रास नको म्हणून त्यांनी नकोसे जाहिरातींचे फोन थांबवण्यासाठीच्या 1909 या नंबरवर नोंद केली. फोन चालूच. एका मुलीने नम्रपणे समजावलं, "सर, तुम्हीच एन्क्वायरी केली होती ना? म्हणजे तुमची संमती आहे." फणसाच्या वादात तलाठ्याने ऐकवलं असतं असं वाक्य.

आता एवढ्याशा पन्हळीसाठी एवढा आटापिटा का, असं घाटावरच्या वाचकाला वाटेल. त्याने हिशेब मांडून पाहावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. रत्नागिरीत चार महिन्यांत सरासरी 3 हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 60 चौरस मीटरच्या छपरावरून म्हणजे 1 लाख 80 हजार लिटर पाणी वाहतं. दहा हजार लिटरचे अठरा टँकर. (मे महिन्यात याच जिल्ह्यातल्या वाड्या टँकरची वाट बघत असतात, तो वेगळ्या सदराचा विषय.) जुन्या घराचा वासा लांब बाहेर काढलेला असे, पागोळ्या अंगणात पडत, जांभ्याच्या भिंतीला झाप बांधले की झड अडे. पन्हळ लागते ती जिथे माजघराचं छप्पर आणि नंतर काढलेल्या पडवीचं छप्पर एकमेकांना भिडतात तिथे. ती गेली की अठराही टँकर भिंतीत. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ही लाल कौलं पुढे सगळ्या किनाऱ्यावर पसरली. कौल शंभर वर्षं टिकतं. त्याखालचा पत्रा खाऱ्या हवेत आठ-दहा वर्षांत चाळण होतो, आणि वानरांनी मनावर घेतलं तर त्याआधीच.

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. पन्हळ आणि तिचा उतरता पाइप कसा बसवावा यासाठी भारतीय मानकच आहे, आयएस 2527, सन 1984. तासाला 100 मिलिमीटर पाऊस धरला तर 100 मिलिमीटर व्यासाचा पाइप 42.7 चौरस मीटर छप्पर सांभाळतो, इथपर्यंत राष्ट्रीय इमारत संहितेत कोष्टक आहे. दशांशचिन्हासकट. फक्त तो पाइप लावणारा माणूस कुठे राहतो याचं कोष्टक नाही.

तो बाजारपेठेत राहतो. शेवटी गृहस्थांच्या पत्नीने चुलतजावेला फोन लावला. बायकांचं बोलणं कधी बंदच नव्हतं, हे गृहस्थांना तेव्हा कळलं. जावेने वाण्याला सांगितलं, वाण्याने दुकानासमोरच्या टपरीवर, आणि तिसऱ्या दिवशी पत्र्याचे डबे, चाळणी, पोहऱ्याला डाख देणारा एक म्हातारा घराखाली उभा राहून वर बघत होता. त्याने दोनच गोष्टी विचारल्या. उतार कुठल्या अंगाला? आणि आधीची कोणी बसवली होती? दुसरा प्रश्न केवळ नावं ठेवण्यासाठी होता. पन्हळ मृगाच्या चार दिवस आधी बसली. एका सांध्यातून अजून ठिबकते, पण तो म्हणतो गणपतीला येऊन बघतो.

एवढा गुणी माणूस यादीत नाही याचं डोंबिवलीच्या मुलाला वाईट वाटलं. त्याने कौतुकाने म्हाताऱ्याची नोंदणी केली. फोटो टाकला, मोबाइल टाकला. 'सेवेचा प्रकार' या रकान्यात पत्राकाम नव्हतं, मग त्यातल्या त्यात जवळचं म्हणून त्याने गटर निवडलं.

आठवड्याच्या आत म्हाताऱ्याचा फोन आला. चिपळूणहून कोणी तुंबलेला संडास घेऊन बोलावलं होतं, लांज्याहून मॅनहोल उघडायला, आणि एका लॉजवाल्याने तर उशीर झाला म्हणून शिव्या घातल्या होत्या. "दादा," तो म्हणाला, "तेवढं माझं नाव त्या गटारातून बाहेर काढा."

मुलाने लगेच विनंती पाठवली. कंपनीने कळवलं की नाव काढण्यासाठी नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी जाईल, तो तीन मिनिटांत सांगावा. ओटीपी गेला तेव्हा म्हातारा कोणाच्या तरी आढ्यावर बसला होता, आणि मोबाइल खाली पडवीत, पिशवीत वाजत होता.