निन्टेंडोचं तेरावं

हा गृहस्थ न्यूयॉर्क, लंडन किंवा टोकियोच्या शेअर बाजाराच्या आसपास सापडतो. हुद्दा विश्लेषकाचा, चेहरा सुतकी. निन्टेंडोचं नाव निघालं की एक सुस्कारा टाकून म्हणतो, "त्यांनी आता यंत्रं बनवणं सोडावं. सेगासारखे नुसते गेम विकावेत."

सेगाने २००१ मध्ये आपलं ड्रीमकास्ट यंत्र गुंडाळलं, तेव्हापासून त्याला हे वाक्य पुरलंय. त्याच वर्षीचा निन्टेंडोचा गेमक्यूब प्लेस्टेशन २ पुढे झोपला, याला गुदगुल्या झाल्या. २००६ मध्ये वी आला. "खेळणं आहे," म्हणून याने नाक मुरडलं. खेळणं दहा कोटींच्या वर खपलं. याने मुकाट्याने तक्ता बदलला.

२०११ मध्ये हातात धरून खेळायचा थ्रीडीएस अडखळला. सहा महिन्यांत किंमत २५० डॉलरवरून १७० वर आली, अध्यक्ष सातोरू इवातांनी स्वतःचा पगार निम्मा केला. "मोबाइलने गिळलं!" म्हणत हा तेराव्याच्या यादीला लागला. तो थ्रीडीएस पुढे साडेसात कोटींवर गेला. २०१२ चा वी यू मात्र खरोखर आपटला, जेमतेम १ कोटी ३६ लाख. त्या एका पुण्याईवर हा अजून जगतोय.

याची खरी फजिती पाहावी ती जुलै २०१६ ची. पोकेमॉन गो या मोबाइल गेमची लाट आली, शेअर दोन आठवड्यांत दुप्पट. हा सुतक सोडून थेट वरातीत नाचायला! शेवटी कंपनीलाच सांगावं लागलं की बाबांनो, यातून आमच्या हाती फारसं लागणार नाही. पुढच्या सत्रात शेअर सुमारे १८ टक्के कोसळला.

बरं, माणूस मूर्ख नाही. पण त्याची फूटपट्टी एकच, चिपची ताकद. निन्टेंडोची क्योतोमधली मंडळी मुद्दाम जुनं, स्वस्त तंत्र घेऊन त्यातून नवा खेळ काढतात. ते फूटपट्टीवर उमटतच नाही. शिवाय गाठीला रोकड भरपूर, त्यामुळे एखादं यंत्र पडलं तरी घर चालतं. आणि मारिओ घरात खेळायचा तर यंत्र त्यांचंच घ्यावं लागतं. सेगासारखं होण्याचा सल्ला मानला असता तर हीच सक्ती गेली असती. चुकलेल्या भाकिताला दंड नसतो, हेही आहेच.

जानेवारी २०१७ मध्ये स्विच दाखवला त्या दिवशी शेअर घसरला. तो स्विच पंधरा कोटींच्या पुढे गेला. जून २०२५ मध्ये स्विच २ आला आणि चार दिवसांत ३५ लाख खपला. याचं म्हणणं, "हौशी लोकांनी घेतला. खरी उतरण आता."