वार्षिक सभेत बोलावे कसे

महाराष्ट्राला व्याख्यानांची हौस जुनी. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती अजून चालू आहे. परंतु तिथे बोलणारा एक आणि ऐकणारे शंभर, असा सोपा मामला. वक्त्याचा खरा कस लागतो तो सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत. तिथे सगळेच बोलणारे असतात. होतकरूंच्या सोयीसाठी काही सूचना.

ही सभा कायद्याने ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. नोटिशीसोबत अहवाल आणि हिशेबपत्रके येतात. ती वाचू नयेत. वाचून आलेला माणूस बसल्या जागेवरूनच, हळू आवाजात विचारतो, ‘पान ४ वर लिफ्टच्या दुरुस्तीचे ४२ हजार आहेत, पान ९ वर ३६ हजार. बरोबर कुठले?’ मग खजिनदार चष्मा पुसायला घेतात, चेअरमन सेक्रेटरींकडे बघतात, सेक्रेटरी पंख्याकडे. उत्तर मिळेपर्यंत कुणालाच दुसरे काही बोलता येत नाही. इतरांच्या वक्तृत्वाचा असा गळा घोटणे सभ्यपणाचे नाही.

वेळ दहाची असेल तर साडेदहाला यावे. उपविधींनुसार गणपूर्तीला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी डोकी लागतात. दहा वाजता जमलेली असते ती समिती आणि सतरंजी अंथरणारा वॉचमन. सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे वेळेवर येणारा सभासद संस्थेच्या दृष्टीने केवळ अर्धा तास आधी आलेला असतो.

बोलायला उठताना ‘मी दोनच मिनिटं घेणार आहे’ असे जाहीर करावे. ही सभेला खुर्च्या सारून नीट बसण्याची सूचना असते. त्यानंतर आपण इमारतीत कधीपासून राहतो ते सांगावे; पार्किंगच्या वादात ज्येष्ठता हाच पुरावा. मग ‘मला कुणावरही वैयक्तिक टीका करायची नाही, पण तिसऱ्या मजल्यावरची काही मंडळी’ अशी सुरुवात करावी. तिसऱ्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडे आहेत आणि त्यातले एक चार वर्षे अमेरिकेत आहे, याचा उल्लेख टाळावा. संयम म्हणतात तो हाच.

संबोधनाकडे विशेष लक्ष हवे. एरवी आपण ज्यांना ‘काय जोशी, आज लवकर?’ म्हणतो, त्यांना सभेत ‘माननीय सचिव महोदय’ म्हणावे. जितका राग अधिक, तितका आदर अधिक. भांडण अगदी हातघाईवर आले की दोन्ही पक्ष एकमेकांना ‘आपण सुज्ञ आहात’ म्हणू लागतात. त्या वेळी मध्ये पडू नये.

दृश्य साधनांचा वापर बेताने करावा. बाथरूमच्या छतावरच्या ओलीचा फोटो फोनवर दाखवायचा असेल तर फोन हातातून सोडू नये. पहिल्या रांगेत लोक हळहळतात, दुसऱ्या रांगेत बोट लागून फोटो पुढे सरकतो आणि तिसऱ्या रांगेतून आवाज येतो, ‘अरे वा, नातवाची मुंज झाली वाटतं! आम्हाला बोलावलं नाहीत.’ इथून पुन्हा गळतीकडे वळवणे आजवर कुणाला जमलेले नाही.

राहिला प्रश्न समोरच्याचे मत बदलण्याचा. कायद्यात एका सभासदाला एकच मत आहे, मग घर वन बीएचके असो की थ्री. मोठ्या घरवाले ही तूट आवाजातून भरून काढतात, तरी हात एकच धरला जातो. भर सभेत बोलून कुणाचा वर गेलेला हात खाली आल्याचे मी पाहिलेले नाही. हे काम आदल्या रविवारी जिन्यात होते. बाहेरच्या रंगकामाला वरच्या मजल्यावरच्या काकूंची संमती हवी असेल तर रंगाचे नाव काढू नये. ‘काकू, यंदा गच्चीतून फार गळलं का हो?’ एवढेच विचारावे आणि मग ऐकावे. काकू २०१९ पासून सुरुवात करतात. मध्ये बोलू नये, घड्याळ पाहू नये, आपल्या घरची ओल सांगू नये. अर्ध्या तासाने त्याच म्हणतात, ‘रंगाआधी भेगा भरून घेणार असाल तर माझी ना नाही.’ हा मार्ग खात्रीचा आहे. पण त्यात टाळ्या मिळत नाहीत आणि गुडघे दुखतात, म्हणून मानी वक्ते त्याच्या वाटेला जात नाहीत.

समोशांचा वास आला की भाषण आटोपते घ्यावे. अनुभवी समिती हा क्षण बरोबर हेरते आणि मेंटेनन्स वाढवण्याचा ठराव तेव्हाच मांडते. सूचक मिळतो, अनुमोदकाच्या तोंडात समोसा असतो, तो मान हलवतो. सर्वानुमते मंजूर.

चाळीस मिनिटे आपण जे बोललो ते इतिवृत्तात ‘सभासदांनी चर्चा केली’ असे उतरते. म्हणून खरोखरच काही काम करून घ्यायचे असेल, तर ते चार ओळींत लिहून संस्थेच्या ऑफिसात द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर सहीशिक्क्याची पोच मागावी. पोच म्हटले की सेक्रेटरी चहाचा आग्रह करतात, शेजारधर्माची आठवण देतात, शिक्का कपाटात असल्याचे सांगतात. चहा घ्यावा. कपाटाची किल्ली येईपर्यंत बसून राहावे.