भाच्यासाठी एजंट पाहिजे

आमच्या भाच्याने आडनावातला शेवटचा ‘र’ काढून त्या जागी इंग्रजी झेड बसवला, त्या दिवशी तो डीजे झाला. बाकीच्या गोष्टी मागाहून आल्या. तीन महिन्यांचा कोर्स, हप्त्यावर घेतलेला कंट्रोलर आणि एकाच कानावर टेकवायचा हेडफोन.

“दुसरा कान दुखतो का रे?” ताईने काळजीने विचारलं.

“आई, एका कानाने चालू गाणं ऐकायचं, दुसऱ्याने पुढचं जुळवायचं.”

“आणि आईचं कुठल्या कानाने ऐकायचं?”

या प्रश्नाचं उत्तर कोर्समध्ये नव्हतं. म्हणून तो माझ्याकडे आला. “मामा, मला एजंट पाहिजे.”

“लायसनचा की विम्याचा?” मी विचारलं. माझाही दोष नाही. आरटीओच्या दारात एजंट, प्लॉटला एजंट, पोरीच्या लग्नालाही एजंट, अशा संस्कारांत आम्ही वाढलो. पण याला हवा होता बुकिंग एजंट. तो आपल्यासाठी कार्यक्रम मिळवतो, मानधनाची घासाघीस करतो आणि साधारण दहा ते वीस टक्के स्वतः ठेवतो. आपण फक्त वाजवायचं. ऐकायला फार छान वाटलं. घरजावई व्हायची कल्पनाही ऐकायला छानच असते.

पहिल्या एजंटने विचारलं, “आतापर्यंत किती शो केलेत?” भाचा म्हणाला, “एजंट मिळाला की करणार.” एजंट म्हणाला, “शो केलेत की या.” आधी अनुभव की आधी नोकरी, या जुन्याच दुखण्याला आता स्मोक मशीनचा धूर लागलाय, एवढाच फरक.

दुसरा मात्र देवमाणूस निघाला. अनुभव विचारला नाही, गाणीही ऐकली नाहीत. फक्त नोंदणी फी, फोटोशूट आणि ‘प्रोफाइल बिल्डिंग’चे पैसे आगाऊ घेतले. महिनाभराने त्याचा फोन लागेनासा झाला. मामा मी, पण मामा बनवला गेला भाचा. खरा एजंट आपल्या कमाईतून कापतो, खोटा आपल्या खिशातून. एवढं शहाणपण आमच्या घराण्याला त्या फीच्या पावतीसोबत मिळालं. पावतीही व्हॉट्सअ‍ॅपवर आली होती.

मग तो थेट पबमध्ये गेला. तिथल्या मॅनेजरने गाण्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. “माणसं किती आणशील?” एवढंच विचारलं. गुरुवारी रात्री तीस मित्र आणायचे, त्यांनी खायचं-प्यायचं, मग याने तासभर वाजवायचं. मोबदला? ‘एक्सपोजर’. भाच्याने बावीस मित्र नेले. त्यातले चौदा उसने पैसे मागून बसले. म्हणजे एजंटही हाच, गिऱ्हाईकही याचंच आणि सावकारही हाच.

शेवटी गुढीपाडव्याला मी त्याला गाडीत घातलं आणि नारायणगावला नेलं. तमाशातल्या विठाबाईंचं हे गाव. पाडव्याच्या सुमारास इथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. राहुटी म्हणजे फडाचं बुकिंग ऑफिसच. कनात, फडाच्या नावाचा फलक, गादी, वही आणि वहीमागे व्यवस्थापक. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, चार राहुट्या फिरतात, चहा पितात, आकडा ऐकून उठतात, पुन्हा बसतात आणि सुपारी देऊन जातात. ‘बुकिंग’ हा शब्द भाच्याने कोर्समध्ये ऐकला. आपल्याकडे त्याला सुपारी म्हणतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला सुपारी एकाच अर्थाने माहीत होती, तीही सिनेमातून.

एका राहुटीत मी त्याला पुढे केलं. व्यवस्थापकांनी वहीतून मान वर न काढता विचारलं, “माणसं किती?”

“मी एकटाच.”

“मग वाजवतं कोण? गातं कोण? तंबू ठोकतं कोण?”

“लॅपटॉप,” भाचा हळूच म्हणाला.

“मग सुपारी त्यालाच द्यावी लागंल.” त्यांनी चहा पुढे सरकवला. “हे बघ बाळ, आम्ही इथं बसतो खरं, पण गावकरी काय आमच्या तोंडाकडं बघून येत न्हाईत. मागल्या साली शेजारच्या गावात त्यांनी फड बघितलेला असतो. आम्ही नुसती तारीख लिवतो.”

तीन महिन्यांच्या कोर्सला जे सांगता आलं नाही, ते त्या माणसाने एका कटिंगमध्ये सांगितलं. भाच्याने मात्र तेवढ्यात राहुटीसमोर सेल्फी काढला.

पहिली सुपारी अखेर आली ती आमच्याच गल्लीतल्या मांडववाल्याकडून. हळदीचा कार्यक्रम. त्याने दिलेलं बिल मी पाहिलंय. बेस ८, टॉप ८, शार्पी ४, स्मोक १, जनरेटर १. आणि सगळ्यात खाली, पेनने वाढवलेलं, ‘ऑपरेटर १ (जेवण आपल्याकडे)’. आमचा झेडवाला कलावंत जनरेटरच्या खालोखाल. तेही बरोबरच म्हणा. आपल्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हेच, भिंत. डीजे चांगला होता म्हणजे खिडकीच्या काचा हादरल्या. ती भिंत कोण चालवतो, हे काच फुटल्यावरच विचारतात.

भाच्याने महिनाभर खपून एकातून एक अशी गाणी गुंफून नेली होती. दुसऱ्याच गाण्याला नवरदेवाचे काका हळदीचा हात घेऊन आले, स्वतःचा मोबाइल कंट्रोलरवर ठेवला आणि म्हणाले, “ही वायर याला लाव.” पुढचे दोन तास काकांनी वाजवलं. कंट्रोलरवरची पिवळी बोटं अजून निघालेली नाहीत.

दहाला पोलीस आले. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. म्हणजे आठ बेस लावून, कायद्याने, दोन शेजारणींच्या गप्पांएवढा आवाज काढायचा. काका तोवर जेवायला गेले होते. हवालदारांनी विचारलं, “डीजे कोण?” मांडववाल्याने, काकांच्या पुतण्याने, अगदी नवरदेवानेसुद्धा एकमुखाने आमच्या भाच्याकडे बोट दाखवलं. त्या संध्याकाळी त्याला डीजे म्हणून मिळालेली ही पहिली आणि शेवटची मान्यता.

तरी नशीब लग्नकार्य होतं. पबात गाणं वाजवायला परवाना लागतो. लग्नाला आणि वरातीला मात्र १९५७च्या कॉपीराइट कायद्यातच सूट आहे. सरकारनेही ओळखलंय, या देशात वरात अडवून कोणाचं भलं झालेलं नाही.

या सगळ्यातून मी काढलेला निष्कर्ष सांगतो. ज्याला एजंटची गरज आहे त्याला एजंट घेत नाही, आणि ज्याला एजंट घेतो त्याच्याकडे लोक आधीच येत असतात. मधल्या काळात वही धरायला घरातलंच कोणीतरी लागतं. म्हणून मी एक वही आणली आहे.

तरी वाचकहो, ज्यांच्याकडे हळद, बारसं, साखरपुडा असेल त्यांनी कळवावं. मुलगा गुणी आहे, गाणी जुळवतो, काकांना वायर देतो. आमचं कमिशन पंधरा टक्के, विसार आगाऊ, जेवण तुमच्याकडे. आणि दहाला बंद.