कारणकाका

प्रत्येक सोसायटीत एक तरी कारणकाका असतातच. पाऊस का लांबला, लिफ्ट का अडकली, तिसऱ्या मजल्यावरच्या पोराचं लग्न का जमेना, सगळ्याचं कारण यांच्या खिशात. आणि ते कारण बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी माथी.

सर्दी आठवड्याभरात आपल्या पायांनी निघून जाते. काकांचा काढा पाचव्या दिवशी सुरू होतो, म्हणून श्रेय काढ्याला. आता हा काढा बिचारा निरुपद्रवी. क्रिकेटच्या वेळी मात्र माणसं वेठीला धरली जातात.

2 एप्रिल 2011. वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना, जिंकायला 275 हव्यात. सातव्या षटकात सचिन गेला आणि नेमके तेव्हाच काकांचे मेव्हणे दारात चपला काढत होते. काका कडाडले, "हलू नका!" पुढचा चेंडू सुखरूप गेला. झालं! एका पायात चप्पल, दुसरा पाय उंबऱ्यावर, अशा थाटात मेव्हणे धोनीच्या षटकारापर्यंत उभे. पाणी, पोहे सगळं तिथंच पोचवलं. गंभीरच्या 97 धावांपैकी निम्म्या मेव्हण्यांच्या, असं काका आजही सांगतात. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर बाद झाला तेव्हा मेव्हणे रिक्षात होते. तो चेंडू काका हिशेबात धरत नाहीत.

2023 च्या अंतिम सामन्याला मेव्हण्यांना खास बोलावणं गेलं, त्याच चपला घालून येण्याच्या अटीवर. त्याआधी भारत सलग 10 सामने जिंकला, तेव्हा हे गृहस्थ स्वतःच्या घरी पंख्याखाली लोळत होते, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. ट्रॅव्हिस हेडने 137 ठोकल्या, आपण हरलो. आता तरी सिद्धांत कोसळेल, असं वाटलं होतं. छे! "उंबरा बदललाय ना," काका म्हणाले. "दिवाळीआधी हिने संगमरवर बसवून घेतला. मी तेव्हाच नको म्हणत होतो." पराभवाची जबाबदारी काकूंवर.

पुतणी इंजिनिअर. तिने समजावून पाहिलं, "काका, टीव्हीवर चित्र काही सेकंद उशिरा येतं. मामा उभे राहतात तोवर मैदानात चेंडू पडून गेलेला असतो. झाल्या गोष्टीला ते काय करणार?"

काका विचारात पडले. मेव्हण्यांच्या चेहऱ्यावर सुटकेची आशा दिसली.

"बरोबर आहे तुझं," काका म्हणाले. "पुढच्या वेळी नाणेफेकीच्या आधीच उभं करू."