पट्टेवाले नाना

फुलपाखरांची तिकिटं, त्रिकोणी तिकिटं, भूतानने १९७२ साली काढलेली वाजणारी तबकडी... नानांपुढे काहीही ठेवा, ते ढुंकून बघणार नाहीत. पण एलिझाबेथ राणीच्या अंगावरून दोन जाड काळे उभे पट्टे गेलेलं इंग्लंडचं एखादं साधं तिकीट दिसू दे. नाना हातातला चहा बाजूला सारतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि चिमटा मागतात. अशा वेळी तुम्ही तिकिटाला बोट लावलंत तर नानांशी संबंध संपले म्हणून समजा.

सोसायटीत त्यांना पट्टेवाले नाना म्हणतात. नाना हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे हे नाव वहिनींना अजिबात खपत नाही.

ब्रिटिश पोस्टात नव्या कारकुनाला खिडकीवर बसवण्याआधी प्रशिक्षण शाळेत धाडत. तिथे खिडकी खोटी, गिऱ्हाईक खोटं, पण तिकिटं मात्र खरी. रंग बघून किंमत ओळखायचा सराव खऱ्या मालावरच होणार ना! आता खरं तिकीट म्हणजे रोकडच. ती उमेदवारांच्या खिशातून घरी जाऊ नये म्हणून आधीच त्यावर पट्टे छापून टाकायचे. थोडक्यात, सरकारी खर्चाने मोठ्या माणसांची भातुकली. ही तिकिटं शाळेबाहेर पडायचीच नव्हती. पडली, म्हणून नाना आहेत.

फ्रेंच पोस्टाने याच कामासाठी तिकिटांवर ‘आन्युले’, म्हणजे ‘रद्द’, असं छापलं. नानांना तो प्रकार बाळबोध वाटतो. “त्यावर लिहूनच ठेवलंय, मग आपण ओळखायचं काय?”

ओळखायचं! नानांचा सगळा जीव त्या एका क्रियेत आहे. लेस्टरचा भाचा किलोच्या भावाने तिकिटं घेऊन पाठवतो. त्यात बहुतेक सगळी मॅचिन, म्हणजे आर्नल्ड मॅचिनने घडवलेल्या राणीच्या शिल्पावरून १९६७ पासून निघालेली. एकच चेहरा, एकच मुकुट, फक्त रंग आणि आकडा निराळा. तुम्हाआम्हाला त्या ढिगाकडे पाहून पाच मिनिटांत झोप येईल. नाना त्यातून पट्टेवालं एक काढतात आणि त्याची उलटतपासणी सुरू होते. प्रत्येक तिकीट त्यांच्या लेखी आधी आरोपी असतं.

प्रथम भिंग. छापलेल्या पट्ट्याची कड सरळ हवी. मार्करची शाई कागदाच्या तंतूंत पाय पसरते. मग तिकीट उलटं करून पाठ बघायची, शाई आरपार तर आली नाही? मग पोस्टाचा शिक्का. शिक्का पट्ट्याच्या वर असेल तर पुढे बोलू. शिक्का खाली आणि पट्टा वर असेल, तर कुणीतरी वापरलेलं तिकीट घरी बसून रंगवलंय. “पट्टा आधी, शिक्का नंतर! मुंज झाल्यावर बारसं करतात का कुणी?”

शेवटी दिवा. ब्रिटिश तिकिटांवर यंत्राला पत्र निवडता यावं म्हणून फॉस्फरचे फिकट पट्टे असतात. ते नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण अतिनील दिव्याखाली चमकतात आणि दिवा विझल्यावर क्षणभर तसेच उजळत राहतात. तो क्षण गाठायला मिट्ट काळोख लागतो. म्हणून ऐन संध्याकाळी नाना घरातले सगळे दिवे घालवतात. स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज येतो, “अहो, फोडणी जळतेय की नाही हे मला दिसत नाहीये!” नाना म्हणतात, “वासावरून ओळख.” वीज गेली की अख्खी सोसायटी वैतागते, नाना मात्र दिव्यात सेल भरून तयार.

हा लौकिक पसरल्यामुळे लोक नानांकडे आजोबांचे अल्बम घेऊन येतात. परवा एक गृहस्थ १९४८ चं दहा रुपयांचं गांधी तिकीट घेऊन आले होते, वर ‘सर्व्हिस’ छापलेलं. गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी अशी फक्त १०० तिकिटं छापून घेतली होती. गृहस्थांच्या डोळ्यांपुढे नवा फ्लॅट तरळत होता. नानांनी भिंगदेखील उचललं नाही. म्हणाले, “त्या शंभरांपैकी दीडशे मी एकट्या डोंबिवलीत पाहिलीत.” गृहस्थ चहा न घेता गेले. नानांनी त्यांचाही चहा प्यायला.

नानांची एकच इच्छा उरली होती. पट्टेवालं तिकीट एखाद्या वेंधळ्याने खऱ्या पत्राला लावलेलं असावं, आणि ते पत्र खऱ्या पोस्टातून प्रवास करून आलेलं असावं. ते काही मिळेना. शेवटी भाच्याला मामाची दया आली. त्याने एका पाकिटावर दोन पट्टेवाली तिकिटं चिकटवली आणि पाकीट पेटीत टाकलं. महिन्याने पोस्टमन दारात. “नाना, तिकीट चालत नाही म्हणतात. पैसे भरावे लागतील.” नानांनी दंड भरला, वर पोस्टमनला लाडू दिला आणि पाकीट देवासमोर ठेवलं. मग भिंग काढलं. पट्टे छापील, शिक्का पट्ट्यावर, सगळं यथासांग. एकाएकी त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी लेस्टरला फोन लावला.

“हे तू मुद्दाम लावलंस ना रे?”

“हो मामा, खास तुमच्यासाठी.”

“मग हे बनावट झालं. पुन्हा पाठव. आणि या खेपेला चुकून पाठव.”