पंचविसात कोण कोण?

"काय ओ ताई, धाकटीसाठी लॉन्स ठरवलं म्हणे! ताटं किती सांगितली?"

"बाराशे."

"बाराशे? आणि थोरलीच्या वेळी मला काय ऐकवलं होतंत? 'वहिनी, लग्न असंच हवं, सुटसुटीत. आता अख्ख्या वणीत अशीच होणार.'"

"तेव्हा दुसरं काय म्हणणार होते? तिची तारीख धरलेली 2020च्या अक्षय्य तृतीयेची. कार्यालय ठरलं, आचारी ठरला, आणि गुढीपाडव्याच्या दिवशी सगळा देश बंद. मे महिन्यात 50 माणसांची मुभा आली, तर व्याही म्हणाले, '50 माणसांत कसलं लग्न? वर्षभर थांबू, धूमधडाक्यात करू.' थांबलो. वर्षानं 50चे 25 झाले!"

"वर दोन तासांत उरकायचं."

"नाहीतर 50 हजार दंड. 21 एप्रिलला तो आदेश निघाला आणि त्याच दिवशी नाशकात झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळाली. 20हून जास्त माणसं गेली, वहिनी. टीव्हीवर ते चालू, आणि इकडे मी मांडवाच्या तयारीला लागलेली. हात चालेनात. हे म्हणाले, परत पुढे ढकलू. पोरगीच म्हणाली, 'पुढच्या वर्षी कोण असेल, कोण नसेल. आजी आहे तोवर होऊ द्या.'"

"म्हणून म्हातारी खुर्चीवर पुढ्यात बसलेली!"

"यादीत पहिलं नाव तिचंच होतं. 12 त्यांचे, 12 आमचे आणि एक भटजी. आमच्या 12 जणांत नवरीही आली. तिच्या पाठीशी मामा हवाच. मामा घेतला की मामी आलीच. करवली हवी. नणंदबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, 'आमच्या ह्यांना नाही, तर मीही नाही.' आल्या शेवटी, पण घास घेतला नाही. अजून ऐकवतात."

"आणि सनई वाजत होती ती मोबाइलवर ना? ऐन मंगलाष्टकांत कुणाचा तरी फोन आला आणि सनई बंद पडली."

"तुम्हाला बरं माहीत!"

"का नसणार? तुमच्या 25 जणांत नव्हते, पण कुंपणाच्या अलीकडे उभं राहायला मला कोण अडवणार? तोंडाला मास्क, मुठीत अक्षता. टाकल्या इथूनच. निम्म्या तुमच्या कोंबड्यांनी खाल्ल्या."

"तुम्ही काय एकट्या होतात? मागच्या आळीतले सगळे गच्चीवर उभे. अंगणात 25 आणि गच्च्यांवर शंभर तरी. पोलीस आले असते, तर मोजायला सुरुवात कुठून केली असती?"

"जोडप्याला देवीच्या गडावर मात्र नेता आलं नाही."

"कसं नेणार? मंदिर दिवाळीच्या पाडव्याला उघडलं होतं, एप्रिलात पुन्हा बंद झालं. मग अंगणातच गडाकडे तोंड करून नारळ ठेवला. पुढे 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेला दारं उघडली, तेव्हा देवीची ओटी भरली. तोवर पोरीला दिवस गेले होते. सासू म्हणाली, पायऱ्या नकोत. मग ट्रॉलीनं वर नेलं."

"काही म्हणा, पैसे तर वाचले."

"सगळे हेच म्हणतात! अहो, ज्यांना बोलावलं नाही ते घरी यायचे थांबतात का? निर्बंध उठल्यावर दर रविवारी कुणी ना कुणी दारात. 'लग्नाला नव्हतो, म्हटलं भेटून यावं.' मग नुसत्या चहावर भागवायचं का? जेवण आलं, टॉवेल-टोपी आली, बायांना ब्लाउजपीस आले. दोन तासांचं लग्न मी दोन वर्षं निस्तरलं."

"आणि आहेर?"

"खरी गोम तिथंच आहे. आमच्या घरात सासऱ्यांपासूनची आहेराची वही आहे. कुणाच्या कार्यात आपण काय दिलं, आपल्याकडे कुणी काय आणलं, सगळं लिहिलेलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पंक्तींना बसलो, ते फेडायचं कधी? आपल्या घरी कार्य निघतं तेव्हाच ना? 25 जणांत कुणाकुणाचं फेडणार? रस्त्यात गाठ पडली की माणसं म्हणतात, 'तुमच्याकडची बुंदी राहिली बरं का!' हसत म्हणतात, पण म्हणतात. सोसायटीचं कर्ज एखाद वेळी माफ होईल, जेवणाचं होत नाही."

"म्हणजे धाकटीच्या मांडवात दोघींचं फेडणार."

"तर काय! आणि थोरली रुसून बसलीय. 'माझं उरकलंत आणि हिचं करताय.' मी म्हटलं, बाई गं, तुझ्या लग्नाला आलेलं एकेक माणूस तुला नावानिशी आठवतं. हिला बाराशेतली दहा आठवली तरी पुष्कळ. तर म्हणते, 'मग माझी राहिलेली 1,175 माणसं मला द्या!'"

"खोटं काय बोलली? बरं, ह्या बाराशेत मी आहे ना?"

"हे काय विचारणं झालं? तुम्हाला कशाला पत्रिका? तुम्ही तर घरच्या."

"नको हं ताई! घरची म्हणूनच मागच्या वेळी यादीबाहेर राहिले. मला पत्रिका हवी, हळद-कुंकू लावून, पुढच्या दारानं. आणि कुंपणावरून दिलीत, तर आहेरही कुंपणावरूनच येईल, सांगून ठेवते."