विनापरतावा अर्जशुल्कास खुले पत्र

श्रीमान अर्जशुल्क (विनापरतावा) यांस,
अमरावती-अकोल्याकडून साष्टांग नमस्कार वि. वि.

आपल्या थोरल्या भावाचे, म्हणजे शिक्षणशुल्काचे, अलीकडे फार हाल झाले. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतल्या मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत त्याला पुरते हद्दपार केले. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती तर त्याला आधीपासूनच कुरतडत होती. आपल्या केसालाही मात्र धक्का लागला नाही. लागणार कसा? माफी मिळते ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळाल्यावर, आणि आपण बसता त्याच्या कितीतरी अलीकडे, फॉर्मच्या शेवटच्या पानावर. हजारो रुपयांवर पाणी सोडणारे सरकार हजार-बाराशेसाठी अडून बसते, हे कर्तृत्व आपलेच.

आपण दयाळू नाही असे कोण म्हणेल? केंद्रीय विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या सीयूईटी पीजीचे २०२५ चे दरपत्रकच पाहा. दोन विषयांपर्यंत खुल्या गटाला १४०० रुपये, इतर मागास व आर्थिक दुर्बलांना १२००, अनुसूचित जाती-जमाती व तृतीयपंथीयांना ११००, दिव्यांगांना १०००. पिढ्यान् पिढ्यांच्या वंचनेचा भाव आपण ३०० रुपये काढलात, अपंगत्वाचा ४००. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे मेळघाटातल्या मजुराच्या मुलीने सवलतीच्या दरात फॉर्म भरायचा, तरी घरातल्या कुणाचे तरी साडेतीन दिवस मातीकामात जातात. व्यवस्थापनाच्या कॅटचा सवलतीचा दर त्या वर्षी १३०० होता. तिथे चार दिवसही पुरत नाहीत. आणि ही झाली एकाच फॉर्मची गोष्ट.

आपले खरे सामर्थ्य एकात नाही, अनेकांत आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेल्याला एम.एस्सी. करायची, तर राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांसाठी परीक्षा वेगळी आणि देशपातळीवरच्या जागांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची वेगळी. एमबीएवाल्याला सीईटीचे पैसे भरून भागत नाही; निकालानंतर प्रवेश प्रक्रियेची नोंदणी असते आणि तिथे आपण पुन्हा हजर. कागद ई-स्क्रूटिनीत घरबसल्या तपासून घ्या की सुविधा केंद्रावर जाऊन, आपली गाठ पडतेच. ही नोंदणी येते जून-जुलैत. वऱ्हाडात त्या वेळी घरातला होता नव्हता तो पैसा सरकी, सोयाबीन आणि खताच्या थैल्यांत गेलेला असतो. वेळ साधावी ती आपणच! ज्याला प्रवेशाची खात्री, तो दोन फॉर्म भरतो. ज्याला नाही, तो सहा ठिकाणी हात मारतो. म्हणजे आपला भार अनिश्चिततेच्या प्रमाणात वाढतो, आणि अनिश्चितता कोणाच्या वाट्याला जास्त येते हे कोरडवाहू मुलखात सांगायला नको.

आपले वकील म्हणतील, परीक्षेला खर्च येतो. येतो, मान्य. केंद्र, संगणक, पर्यवेक्षक फुकट मिळत नाहीत. पण तो खर्च गरिबाच्याच खिशातून आणि आधीच वसूल झाला पाहिजे, हे त्यातून सिद्ध होत नाही. दुसरा मुद्दा असा की, शुल्क नसले तर हौशे-नवशे गर्दी करतील. हा युक्तिवाद मोठा गमतीचा आहे. ज्याला १४०० रुपये म्हणजे एका संध्याकाळचे हॉटेल, तो सहज म्हणून फॉर्म टाकतो आणि परीक्षेच्या दिवशी झोपून राहतो; आपण त्याला अडवत नाही. अडते ती जिला ११०० रुपये मागायला तीन घरे फिरावी लागतात. तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. माफी दिली तर खोटे दाखले येतील. येतील काही. पण उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी, ही सगळी कागदपत्रे आपल्या सोबतीने प्रवेशाच्या पोर्टलवर चढतात. त्या दाखल्यावर पुढे लाखभराचे शुल्क माफ करता येते, तर त्याच दाखल्यावर हजार रुपये माफ करताना तो अचानक संशयास्पद का होतो?

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, कितीतरी विद्यापीठे गरजूंनी विनंती केली की अर्जशुल्क सोडून देतात. पण तिकडचे कशाला? आपल्याच केंद्र सरकारची यूपीएससी कलेक्टर होण्याच्या पूर्वपरीक्षेला १०० रुपये घेते, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांकडून तेही घेत नाही. जिल्हा चालवायला निघालेल्या मुलीकडून शून्य आणि सीयूईटीतून मराठीत एम.ए. करायला निघालेलीकडून ११००, हा हिशेब आपणच समजावून सांगावा. गरीब मुलांच्या शिक्षणाला मदत करा असे आयुष्यभर सांगत फिरलेल्या गाडगेबाबांचे नाव अमरावतीच्या विद्यापीठाला आहे. त्याच विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांतल्या मुलांना दरवर्षी आपले दर्शन घ्यावे लागते.

तरी आपण अगदीच बेघर व्हावे असे आमचे म्हणणे नाही. फक्त दारातून उठून आत जाऊन बसावे. प्रवेश पक्का झाला की पहिल्या हप्त्यासोबत आपली वसुली व्हावी. ज्याचे शिक्षणशुल्क माफ, त्याचे आपणही माफ. आणि ज्याला जागाच मिळाली नाही, त्याच्याकडे आपण फिरकू नये. तोवर ‘पेमेंट फेल्ड’ दाखवून खात्यातून वजा होण्याची आपली खोड तेवढी आवरावी.

कळावे. परतावा नसला तरी लोभ असावा.

आपला,
वऱ्हाडातला एक पात्र, परंतु प्रतीक्षा यादीतला